फलाटावरचं मूल

1986 सालची रात्र. बऱ्हाणपूर स्थानकाच्या फलाटावर पाच वर्षांचा शेरू एका बाकावर झोपला होता. थोरला भाऊ गुड्डू त्याला तिथे बसवून, हलू नकोस म्हणून बजावून गेला होता. शेरूला जाग आली तेव्हा फलाट सुनसान होता आणि समोर एक गाडी उभी होती. भाऊ गाडीतच असेल अशा समजुतीने तो डब्यात चढला आणि वाट पाहता पाहता पुन्हा झोपी गेला. डोळे उघडले तर गाडी धावत होती आणि डब्याची दारं उघडत नव्हती. तो अखेर बाहेर पडला तो थेट कोलकात्याच्या हावड्याला.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी खानदेशाच्या इतिहासातून त्याला वगळता येत नाही. फारुकी सुलतानांची ही राजधानी. अकबराने 1601 मध्ये जवळचा असिरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. इंग्रजांच्या काळात खानदेश जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला गेलं, बऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात पडलं आणि मधे सरकारी रेघ आली. रुळांनी ती रेघ कधी मानली नाही. सावदा, निंभोरा अशी केळीच्या पट्ट्यातली स्थानकं भुसावळकडून येताना मागे पडली की रावेर, आणि रावेरपुढे बऱ्हाणपूर.

बऱ्हाणपूरहून कोलकात्याला जायच्या वाटा दोन. एक वर खंडवा, इटारसी, जबलपूरवरून जाते; 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता पहिल्यांदा रेल्वेने जोडली गेली ती याच वाटेने. दुसरी खाली भुसावळला येऊन नागपूर, रायपूरमार्गे. आपण कोणत्या वाटेने आलो हे झोपेतून उठलेल्या पोराला सांगता येणं अशक्य होतं, आणि हावड्यात त्याची हिंदी ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. तीन आठवडे तो स्थानकाच्या आणि हुगळीच्या आसपास मिळेल ते खाऊन जगला. अखेर एका मुलाने त्याला पोलिसांकडे नेलं. तिथून बालगृह आणि मग अनाथाश्रम.

गाव कोणतं, असं प्रत्येकाने विचारलं. घर खंडव्याच्या गणेश तलाई या वस्तीत. शेरूच्या बोबड्या तोंडी त्याचं झालं ‘गिनेस्टले’. चढलो ते स्थानक ‘बेरमपूर’सारखं काहीतरी. आता बंगालमध्ये स्वतःचं एक बहरमपूर आहे आणि ओडिशात ब्रह्मपूर. खंडव्याजवळचं बऱ्हाणपूर कोलकात्यातल्या कारकुनाच्या ध्यानात येण्याचं काही कारण नव्हतं. मुलाची माहिती वर्तमानपत्रात छापली गेली, पण ती कोलकात्याच्या बाजूला. आई दीड हजार किलोमीटरवर. ठरलेली मुदत उलटली, कुणी आलं नाही आणि कागदोपत्री मूल अनाथ ठरलं. 1987 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या ब्रियर्ली दांपत्याने त्याला दत्तक घेतलं आणि शेरूचा सरू ब्रियर्ली झाला.

इथे कुणी दुष्टपणा केला होता असं दिसत नाही. प्रत्येकाने आपलं काम नियमाप्रमाणे केलं होतं. फक्त एका चुकीच्या उच्चारापाशी शोध थांबला होता.

खंडव्यात फातिमा मुन्शी ही त्याची आई, बांधकामावर दगड वाहून पोरांना वाढवणारी. तिची दोन मुलं एकाच रात्री गेली होती. काही आठवड्यांनी कळलं की गुड्डूचा मृतदेह बऱ्हाणपूरजवळ रुळांशेजारी सापडला होता. शेरूचा मात्र ना देह, ना निरोप. मेल्याचा पुरावा नाही तेव्हा पोर जिवंत आहे, असं तिने धरलं. उरलेली मुलं मोठी झाली, आपापल्या संसाराला लागली. ती गणेश तलाईतून हलली नाही. जुनी खोली सुटली तेव्हाही नवं घर घेतलं ते चार पावलांवर. पोर कधी परत आलंच, तर ते आपण सोडलेल्या जागीच शोधणार, हा तिचा साधा हिशेब होता. तपासाच्या कोणत्याही पुस्तकात न सांगितलेली, पण बिनचूक रीत.

तपासनीस म्हणाल तर तो मुलगाच झाला. मोठेपणी सरूने संगणकावर उपग्रहचित्रांचा नकाशा उघडला. आपण साधारण किती तास गाडीत होतो आणि त्या काळी गाड्या कोणत्या वेगाने धावत, याचा गुणाकार करून त्याने कोलकात्याभोवती एक मोठं वर्तुळ आखलं. मग हावड्याहून निघणारा एकेक रूळ धरून तो रात्र रात्र पडद्यावर मागे जात राहिला. हाताशी खुणा दोनतीनच होत्या: स्थानकाजवळची पाण्याची टाकी, रूळ ओलांडायचा पादचारी पूल, आणि मुलं खेळायची तो नाला. वर्षं गेली. 2011 च्या मार्च अखेरीस एक टाकी आणि एक पूल जुळले. स्थानकाचं नाव होतं बऱ्हाणपूर. तिथून रूळ धरून वर सरकल्यावर खंडवा आलं, आणि खंडव्याच्या रहिवाशांच्या फेसबुक गटावर विचारल्यावर वस्तीचं खरं नावही कळलं. फेब्रुवारी 2012 मध्ये तो गणेश तलाईत पोचला. जुन्या खोलीला कुलूप होतं. शेजाऱ्याने त्याला कोपऱ्यापलीकडे नेलं, तर तिथे आई उभी होती. मधे पंचवीस वर्षं गेली होती.

पुढे त्याचं पुस्तक आलं आणि 2016 मध्ये ‘लायन’ हा चित्रपट. त्याला सहा ऑस्कर नामांकनं मिळाली. पुस्तक आणि चित्रपट दोन्ही भावुक आहेत. ते असणारच. पण त्या कथेतला खरा थरार टाकी आणि पूल जुळवण्यात आहे.

कादंबऱ्यांतली वाट वेगळी. हरवलेलं मूल, सैरभैर आई आणि तिच्यासाठी जिवावर उदार होणारा रुबाबदार तपास अधिकारी, हा जगभरच्या प्रणयरम्य रहस्यकथांचा ठरलेला साचा आहे. अधिकारी बहुधा आईचा जुना प्रियकर निघतो. मराठीतही रहस्यकथेचा संसार मोठा. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडने पिढ्या जागवल्या. सुहास शिरवळकरांचे फिरोझ इराणी आणि दारा बुलंद एसटीच्या प्रवासात वाचून फाटले. या सगळ्यांत एक गोष्ट समान: नायकाला एका क्षणी सुचतं. प्रत्यक्षातल्या तपासात सुचणं फार थोडं आणि विचारणं फार असतं. एकच प्रश्न, शंभर दारांवर.

जळगाव किंवा धुळ्याच्या वर्तमानपत्रात एक एकस्तंभी बातमी वारंवार दिसते: अल्पवयीन मुलीस फूस लावून पळवले, अमुक पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल. प्रणय आणि रहस्य यांची इथली खरी गाठ या बातमीत आहे. पळवणारा गावातलाच, ओळखीचा, बऱ्याचदा मुलीच्याच मर्जीतला असतो. मुलगी सतरा वर्षांची आणि आपणहून गेलेली असली तरी कायद्याच्या लेखी ते अपहरणच; अठराच्या आत तिची संमती धरली जात नाही. तपासाला आलेल्या हवालदाराला प्रेमप्रकरण, बालविवाह आणि विक्री यांतलं नेमकं काय घडलं आहे हे पहिल्या दिवशी ठाऊक नसतं. आईलाही नसतं. ती बदनामीच्या धाकाने दोन दिवस नातेवाइकांकडे शोधते, मग ठाण्यात येते, आणि तेवढ्यात मुलगी गुजरातेत किंवा सातपुड्यापलीकडे पोचलेली असते.

चोवीस तास उलटल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, ही समजूत अजून घट्ट आहे. मुलांच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे. 10 मे 2013 रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेपत्ता मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून थेट गुन्हा नोंदवायचा. त्याआधी अशा तक्रारी ‘मिसिंग’च्या वहीत नुसत्या नोंदवल्या जात आणि बऱ्याचदा तिथेच पडून राहत. भारतीय दंड संहितेचं 363 हे कलम यासाठी इतकं वापरलं गेलं की पोलिसांच्या बोलण्यात ‘तीनशे त्रेसष्ट’ हेच प्रकरणाचं नाव झालं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं 137 आलं आहे. जुन्या कायद्यात मुलग्यासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा अशी वेगळी वयं होती. आता दोघांनाही अठराच. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचा, अशीही कार्यपद्धती आहे.

खानदेशासाठी आणखी एक तरतूद मोलाची आहे. इथली माणसं स्थिर नाहीत. धुळे-नंदुरबारकडची आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, चाळीसगावकडचे मजूर दक्षिणेकडच्या कारखान्यांवर. पोर सुरत-बारडोलीच्या फडावर हरवलं तर गुन्हा कुठला? हद्दीच्या या वादात पूर्वी मौल्यवान तास जात. आता कोणत्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो हद्दीच्या ठाण्याकडे पाठवायचा आहे. तालुक्याला जाण्याइतका वेळ नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. 1996 मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेला हा उपक्रम आता सरकार चालवतं आणि तो 112 शी जोडलेला आहे. रेल्वेत असाल तर 139.

कागदावरचा कायदा चालतो तो कुणीतरी पाठ धरल्यावर. मुंबईच्या डी. एन. नगर ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांची नोंद इथे करायला हवी. 2008 ते 2015 या काळात त्यांच्या ठाण्याच्या हद्दीतून 166 मुली हरवल्या. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 165 शोधल्या. राहिली ती 22 जानेवारी 2013 रोजी अंधेरीत शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली सात वर्षांची मुलगी. 2015 मध्ये भोसले निवृत्त झाले, तरी तिचा फोटो जवळ बाळगून विचारपूस करत राहिले. वर्दी नसलेल्या माणसाला कुणी उत्तर द्यायला बांधील नसतं, हे ध्यानात घेतलं की या विचारपुशीची किंमत कळते.

ऑगस्ट 2022 मध्ये ती मुलगी सापडली, आणि शोध लावला तो कामाला येणाऱ्या एका बाईने. मूलबाळ नसलेल्या एका जोडप्याने तिला नेलं होतं. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं आणि ही मुलगी घरकामाला जुंपली गेली. शेजारच्या कामवाल्या बाईला तिने मन मोकळं केलं. बाईने मोबाइलवर शोधाशोध केली तेव्हा 2013 चा ‘हरवली आहे’ हा जुना फलक निघाला. त्यावर पाच फोन क्रमांक होते. चालू होता एकच, एका शेजाऱ्याचा. सापडली तेव्हा ती आपल्या घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर होती. आई भेटली. वडील मधल्या काळात गेले होते.

आता या कथांतल्या आणखी एका पात्राकडे, म्हणजे पळवणाऱ्या अनोळखी माणसाकडे वळायला हवं. तो अगदीच काल्पनिक नाही. 1990 ते 1996 या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी पश्चिम महाराष्ट्रातून, नाशिककडून लहान मुलं उचलली. गर्दीत पाकीट मारताना पकडलं गेलं तर कडेवरचं मूल ढाल म्हणून वापरायचं, आणि नकोसं झालं की मारून टाकायचं. तेरा अपहरणांचे आरोप होते. जळगावच्या न्यायालयांत वकिली सुरू केलेले उज्ज्वल निकम या खटल्यात विशेष सरकारी वकील होते. मुलींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारने वर्षानुवर्षं लावलेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती जन्मठेपेवर आणली. यात एक तपशील सहसा निसटतो. हे प्रकरण फुटलं ते नाशिकच्या एका आईमुळे. आपली मुलगी नाहीशी झाल्यावर तिचा संशय घरातल्याच जुन्या वैरावर गेला, आणि तो बरोबर निघाला. अंजनाबाईच्या नवऱ्याची ही दुसरी बायको. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत भयंकर मूलचोर टोळीचा माग लागला तोही ओळखीच्याच माणसावरून.

लोकांच्या मनात मात्र राहिला तो अनोळखी. 2018 च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या चित्रफिती देशभर मोबाइलवर फिरत होत्या. त्यातली सर्वांत गाजलेली, मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारी फीत, मुळात कराचीच्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात, तो भाग कुणीतरी कापून टाकला होता.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, पिंपळनेर ठाण्याच्या हद्दीतलं आदिवासी गाव. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. पाच माणसं तिथे उतरली. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची, सोलापूरच्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरणारी. एका लहान मुलीशी त्यांच्यातला कुणीतरी बोलला, असं म्हणतात. एवढं पुरलं. त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं गेलं आणि तिथे पाचही जण जिवे मारले गेले. गावातलं एकही मूल हरवलेलं नव्हतं.

तोच दिवस, शेजारचं मालेगाव. तिथेही याच संशयावरून जमावाने परक्या माणसांना घेरलं, पण पोलीस मधे पडले आणि ती वाचली. राईनपाड्यानंतर काही आठवड्यांतच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पुढे ढकलण्यावर बंदी घातली. धुळ्याच्या न्यायालयाने 2024 मध्ये सात जणांना जन्मठेप दिली. भटक्यांच्या पालांवर त्या उन्हाळ्यानंतर एक नवी काळजी आली: परक्या गावात शिरण्याआधी ठाण्यात जाऊन आपली नोंद करायची.

संशय जमावाचाच असतो असं नाही. 30 मे 2023 रोजी दानापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीतून बिहारमधली 59 मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवण्यात आली. बरोबर मोठी माणसं थोडी, मुलं फार. तस्करीची खबर होती आणि रेल्वे सुरक्षा दलाने जे केलं ते वरकरणी योग्यच होतं. ‘नन्हे फरिश्ते’ या मोहिमेत भुसावळ विभागातले जवान नेमकं हेच करतात, डब्यातल्या एकट्या, गोंधळलेल्या मुलापाशी थांबून चौकशी. भुसावळला पूर्वेकडून येणाऱ्या दोन्ही वाटा मिळत असल्याने घरातून पळालेलं किंवा चुकलेलं मूल इथेच हाती लागण्याचा संभव अधिक. शेरूच्या वेळी अशी व्यवस्था असती तर ती रात्र वेगळी गेली असती.

पण या वेळी गोष्ट उलटी होती. मुलं अररिया जिल्ह्यातली, सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघालेली आणि आईवडिलांनीच पाठवलेली. बरोबरच्या पाच जणांवर भुसावळ आणि मनमाडच्या लोहमार्ग पोलिसांत मानवी तस्करीचे गुन्हे नोंदले गेले आणि ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले. मुलांची बारा दिवस बालगृहांत सोय करावी लागली आणि मग ती बिहारला परत गेली. तपासात तस्करीचं काही निघालं नाही. 2024 मध्ये दोन्ही गुन्हे गैरसमजातून दाखल झाल्याचं सांगून बंद करण्यात आले. अडवल्याच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या होत्या. बंद झाल्याची बातमी शोधावी लागते.

बालन्याय कायद्यानुसार असं मूल सापडलं की चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते. तिच्यापुढे बसलेल्या मुलाला पहिला प्रश्न आजही तोच असतो, जो 1986 मध्ये हावड्यात विचारला गेला होता: गाव कोणतं? फरक इतकाच की आता मुलाने उच्चारलेलं नाव जसंच्या तसं लिहून घ्यायचं, त्याच्या भाषेचा माणूस बोलवायचा, बेपत्ता मुलांच्या देशव्यापी नोंदीत फोटो टाकायचा आणि सारखी वाटणारी सगळी गावं तपासायची, अशी अपेक्षा असते. मूल अहिराणी, पावरी किंवा कोकणी बोलणारं असेल तर समितीतल्या कुणाला ती भाषा येते यावर बरंच अवलंबून राहतं. बंगाली किंवा मैथिली बोलणारं असेल तर फोन फिरवावे लागतात: स्थानकावरच्या फेरीवाल्याला, बांधकामावरच्या मुकादमाला, त्या भागात नोकरी करून आलेल्या एखाद्या जवानाला. हे फोन कुठल्या नियमात लिहिलेले नाहीत, आणि अनेक मुलं घरी जातात ती याच फोनांमुळे.